क्रेडिट स्कोअर कमी आहे म्हणून घर मिळत नाहीये? आधी जुन्या घरमालकाचं खातं तपासा

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट स्कोअर (कर्ज-बिलं वेळेवर भरता का ह्यावरून ठरणारा आकडा) ५८० च्या आसपास आहे, पगार भाड्याच्या तिप्पट आहे आणि तरी लागोपाठ तीन अपार्टमेंटवाल्यांनी नकार दिला, कारण विचारलं तर ताकास तूर लावू देत नाहीत. वाचून पोटात गोळाच आला, कारण अमेरिकेत आल्यावर चौथ्या वर्षी मी अगदी ह्याच जागी अडकलो होतो.

स्कोअर कसा वाढवायचा वगैरे सांगत बसत नाही, ते माहीत असणारच तुम्हाला. माझं मत असं की घरमालक आकड्यावर जेवढा अडतो त्याहून जास्त तो आकडा कशामुळे पडला ह्यावर अडतो. मोठ्या मॅनेजमेंट कंपन्यांचं वेगळं, तिथे कटऑफ ठरलेला असतो, सॉफ्टवेअर हो किंवा नाही सांगतं आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. पण एक-दोन घरं असलेला मालक रिपोर्ट (म्हणजे तुमच्या देण्याघेण्याच्या नोंदी) उघडून वाचतो. कार्डाचे हप्ते उशिरा गेलेत, हॉस्पिटलचं बिल राहिलंय, ह्याकडे बरेच जण कानाडोळा करतात. आधीच्या घरमालकाचं देणं थकलेलं दिसलं की मात्र संपलं, कारण त्याला वाटतं उद्या त्या जागी मी असणार.

माझं नेमकं तेच झालं. जुनं अपार्टमेंट सोडताना नवा पत्ता लेखी दिला नाही, तोंडी सांगितला (ही पहिली चूक). त्यांनी डिपॉझिट तर ठेवलंच, वर कार्पेटचे ६४० डॉलर लावले, पत्रं जुन्याच पत्त्यावर जात राहिली आणि मला कळलं ते थेट कलेक्शनवाल्यांचा (थकलेले पैसे वसूल करणारी एजन्सी) फोन आला तेव्हा. कटकट नको म्हणून फोनवरच पैसे भरून टाकले, लेखी काहीही न घेता. पुढे नव्या घराच्या अर्जात प्रश्न होता, आधीच्या कुठल्या घरमालकाचं देणं थकलं होतं का? मी 'नाही' वर टिक केली. माझ्या डोक्यात ते प्रकरण मिटलं होतं हो, लपवायचं वगैरे काही मनात नव्हतं. रिपोर्टमध्ये ते आलं, आणि तेही पैसे न भरलेलं म्हणून. मालक फोनवर म्हणाला, स्कोअरचं मी बघून घेतलं असतं, पण तुम्ही खोटं लिहिलंत. ह्यावर काय बोलणार?

मग जुन्या ऑफिसच्या चकरा. ते म्हणणार फाईल आता एजन्सीकडे आहे, एजन्सी म्हणणार ऑफिसने अपडेट पाठवायला हवं, मॅनेजर तर कधी जागेवर सापडलाच नाही. तीन महिने ही टोलवाटोलवी, आणि दर अर्जाची फी जात होती ती वेगळीच. पैसे घेताना ह्यांना दोन मिनिटं लागतात, पोच द्यायला मात्र माणूस नसतो! असो.

शेवटी सुटलं ते कागदामुळे. ज्या मालकाने रिपोर्ट बघून नकार दिला (किंवा रिपोर्टमुळे जास्त डिपॉझिट अथवा को-साइनर, म्हणजे जामीनदार, मागितला) त्याने तसं कळवणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे, रिपोर्ट कुठल्या कंपनीचा ते सांगून. मग ६० दिवसांत मागितलात तर त्या कंपनीकडून रिपोर्ट फुकट मिळतो. मला हे माहीतच नव्हतं. मी फक्त नेहमीचा क्रेडिट रिपोर्ट बघत बसलो होतो, पण भाडेकरूंची छाननी करणाऱ्या कंपन्यांचा रिपोर्ट वेगळा असतो आणि त्यात कोर्टातले घर खाली करायचे खटलेसुद्धा येतात, कधीकधी दुसऱ्याच कोणाचे, नुसत्या नावाच्या साधर्म्यावरून. मी बँक स्टेटमेंट जोडून लेखी डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकला, साधारण ३० दिवसांत बाकी शून्य झाली. नोंद गेली नाही हं, पैसे भरले तरी ती पहिल्यांदा थकल्यापासून साधारण सात वर्षं राहू शकते.

त्यानंतर घर मिळालं ते एका छोट्या मालकाकडे. अर्जाच्या आधीच एक पानाचं पत्र दिलं, काय झालं, कधी भरलं, सोबत बारा महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या. रडगाणं नाही, फक्त तारखा. आणि फी भरण्याआधी सरळ विचारलं, तुमचे निकष काय, जुनं कलेक्शन चालतं का? नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं.

सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो असं लगेच बोलू नका, काही राज्यांत तेवढं घेताच येत नाही. डिपॉझिटचंही तसंच, न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून एका महिन्याच्या वर नाही आणि तपासणीची फी जास्तीत जास्त २० डॉलर, कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना एकच महिना. तुमच्या राज्याचं तुम्ही बघा, मी वकील नाही, सांगतोय ते स्वतःचं तोंड पोळल्यावरचं.

आणि हो, क्रेडिट फ्रीझ करून (म्हणजे रिपोर्ट दुसऱ्या कोणाला काढता येऊ नये म्हणून बंद करून) ठेवलं असेल तर अर्जाआधी तिन्ही ब्युरोंकडे, म्हणजे क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, उघडा, नाहीतर रिपोर्टच निघत नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. तुमच्या तीन नकारांपैकी एकाचं तरी पत्र ईमेलवर आलं असेल, स्पॅममध्ये बघा. सापडलं तर त्यात कारण काय दिलंय ते इथे टाका, पुढचं मग बोलू.