शॉर्ट फिल्मची पहिली दोन मिनिटं कशी आखायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ब्रह्मपुरीजवळच्या गावातले बी.ए. दुसऱ्या वर्षाचे सहा जण, दोन मोबाइल, वर्गणीचे ५,००० रुपये. गोष्ट एका पोराची. तो घरी न सांगता झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगावी होणाऱ्या, नाटकात काम करतो. सुरुवातीला सूर्योदय, वरून दिसणारं गाव, देवळाची घंटा, अंगणातला सडा, बैलबंडी, हापशीवरच्या बाया असं सगळं हवं आहे. ड्रोनवाला एका दिवसाचे ३,५०० मागतो. घ्यावा का?

नका घेऊ.

मी यवतमाळ जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग करतो. कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनीही अशीच एक फिल्म केली होती आणि तिची सुरुवात थेट तुमच्या यादीसारखी होती. फरक एवढाच की ड्रोन नव्हता म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीवर चढलो होतो. तीन दिवसांत बावीस शॉट घेतले. कोंबडा घेतला, धुकं घेतलं, चुलीचा धूर तर दोनदा घेतला. सगळं जोडून एका मित्राच्या घरी टीव्हीला लावलं. त्याच्या आजीनं मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं लगन हाय रे हे?"

आजीचं बरोबर होतं. आज मी लग्नाच्या व्हिडिओची सुरुवात तशीच करतो, त्याचेच मला पैसे मिळतात. गाव, मंडप, तोरण, मग नवरदेव. तिथं ते चालतं, कारण पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की लग्न कोणाचं आणि आपण कुठं दिसणार आहोत. तुमच्या फिल्मच्या प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसतं. त्याला गाव दाखवलं की तो गाव बघतो आणि माणूस कधी येतो याची वाट पाहत बसतो.

सुरुवातीला एक माणूस एक काम करताना दाखवा, आणि त्या कामात काहीतरी खटकू द्या. गाव त्या कामाच्या मागं आपोआप दिसतं.

आमची गोष्ट कापूस वेचणाऱ्या बायांची आणि वजन लिहिणाऱ्या एका मुलीची होती. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवसभर वेचायचं, कमरेला बांधलेल्या फडक्यात साठवायचं, ते गाठोड्यात ओतायचं आणि संध्याकाळी धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बाभळीला काटा टांगून एकेकीचं गाठोडं मोजायचं. मालकाची पोरगी वहीत लिहिते. नव्या सुरुवातीत आम्ही एवढंच ठेवलं: गाठोडं काट्याला लागतं, काटा अठरावर थांबतो, पोरगी वहीत सोळा लिहिते. मग काळा पडदा आणि फिल्मचं नाव. का लिहिते, ते पुढच्या बारा मिनिटांत. बावीस शॉटचे नऊ झाले आणि तीन मिनिटांची दीड.

आता आखणीचं. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटचा चित्रांतला आराखडा, म्हटलं की पोरं चित्र येत नाही म्हणून घाबरतात. चित्राची गरज नाही. वहीच्या पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्या रकान्यात काय दिसतं, दुसऱ्यात काय ऐकू येतं, तिसऱ्यात किती सेकंद. आम्ही पहिल्या वेळी मधला रकाना केलाच नव्हता आणि त्याचं भोगलं, ते पुढं सांगतो. कागद झाला की वावरात जाऊन मोबाइलनं त्याच कोनातून साधे फोटो काढा, कलाकार नसले तरी तुमच्यातलाच एक उभा करून. ते फोटो ओळीनं लावून कोणाला तरी दाखवा. त्याला गोष्ट सांगता आली तर शूटिंगला जा.

कॅमेरा कुठल्या बाजूला ठेवायचा याचा नियम पुस्तकात १८० अंशांची रेषा म्हणून असतो. मी पोरांना तो धुऱ्यावरून सांगतो. पोरगी आणि वेचणारी बाई समोरासमोर उभ्या आहेत, त्या दोघींना जोडणारा एक धुरा आहे असं समजा. कॅमेरा त्या धुऱ्याच्या एकाच अंगाला फिरवायचा. ओलांडून पलीकडं गेलात की पडद्यावर दोघी एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि बोलणं तिसऱ्याच कोणाशी चाललंय असं वाटतं.

वेळेचं गणित प्रत्यक्ष जाऊन करा. नोव्हेंबरच्या मध्यात आमच्याकडं सूर्य साडेपाचच्या थोडं पुढं बुडतो. मोजणी खरी होते ती त्याच सुमारास, आणि चेहऱ्यावर मऊ पिवळा उजेडही तेव्हाच असतो. म्हणजे हातात फार तर चाळीस मिनिटं. म्हणून ज्या शॉटमध्ये ऊन दिसतं ते सगळे त्या चाळीस मिनिटांत घेतले. वहीचा, पेनाचा, काट्याच्या आकड्याचा असे जवळचे शॉट सावलीत, दुसऱ्या दिवशी.

आणि इथंच आम्ही आपटलो. दुसरा दिवस म्हणता म्हणता आठ दिवस गेले, एकाची परीक्षा होती. परत गेलो तर वावर हिरवं-तपकिरी! त्या पट्टीची वेचणी उरकली होती. आधीच्या शॉटमध्ये मागं पांढरंशुभ्र वावर आणि आता नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची रिकामी झाडं. पुढचा कापूस फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढं थांबायची सोय नव्हती. शेवटी शेजारच्या कास्तकाराच्या वावरात, कॅमेरा जमिनीला टेकवून, फुटलेल्या चारच झाडांच्या आडून ते शॉट घेतले. तुमच्याकडं धान आहे. कापणी सुरू झाली की आज उभं असलेलं शेत उद्या मोकळं दिसेल. शेत दिसणारे शॉट एकाच दिवसात संपवा, नाहीतर शेतच घेऊ नका.

आमच्या नायिकेनं आयुष्यात कापूस वेचला नव्हता. कॅमेऱ्यासमोर ती बोंडासकट ओढायला लागली. शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, वेचणारी एक मावशी हसून म्हणाली, "बोंड काहून तोडते वं? कापूस वेच ना नुसता." मग मावशीनंच दाखवलं. पाच बोटं बोंडात वरून जातात, कापूस एका हिसड्यात बाहेर येतो आणि वाळलेल्या पाकळ्या झाडालाच राहतात. त्या पाकळ्यांची टोकं इतकी कडक असतात की नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात. आमचा पहिला शॉट मग तोच ठरला, मावशीच्या बोटांचा. चेहरा नाही. नायिकेची बोटं गुळगुळीत होती, ती चाललीच नसती.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही. या बायांना अर्धा तास थांबवलं की त्यांचा किलोभर कापूस बुडतो, म्हणजे मजुरी बुडते. आम्ही पहिल्या दिवशी चहा पाजून मोकळे झालो होतो. दुसऱ्या दिवशी मावशीनं स्पष्ट विचारलं आणि आम्ही ओशाळलो. तेव्हापासून थांबवलेल्या वेळेचे पैसे खर्चात आधी धरले. तुमच्या ५,००० मधली पहिली वाटणी ती करा. पेट्रोल, चिवडा, चहा नंतर.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. आडवा धरायचा, ट्रायपॉडवर लावायचा, विमान मोडवर टाकायचा, लेन्स स्वच्छ फडक्यानं पुसायची. १०८० पुरे, ४के नको. १०८० मध्येही मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी जागा जाते, आणि शूटिंगच्या मध्येच फोन भरला की मग घरच्यांचे फोटो डिलीट करत बसावं लागतं. मुख्य म्हणजे उजेड लॉक करा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये तो लॉक होतो. नाही केला तर कापसासारखी पांढरी वस्तू समोर येताच फोन सगळं चित्र गडद करतो आणि सावळा चेहरा काळा पडतो. आम्ही चेहऱ्यासाठी थर्माकोलची शीट नेली होती. प्रत्यक्षात पोरीच्या पायाशी ठेवलेल्या कापसाच्या गाठोड्यानंच तिच्या चेहऱ्यावर इतका छान उजेड टाकला की शीटवर बसून आम्ही डबा खाल्ला.

आकडा दाखवायला आधी डिजिटल काटा आणला होता. त्याचे लाल आकडे डोळ्यांना नीट दिसत, पण भर उजेडात फोन शटर फार वेगात चालवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड अगदी क्षणभरच आत घेतो, त्यामुळे व्हिडिओत आकडे अर्धवट तुटलेले यायचे. म्हणून जुना, सुईचा काटा शोधला. सुई थरथरते आणि हळूहळू स्थिर होते. त्या थरथरण्याचा आम्हाला फुकटात फायदा झाला.

तरीही पहिल्यांदा दाखवलं तेव्हा कोणालाच काही कळलं नाही. सुईचा शॉट दीड सेकंद होता. आम्ही तो शंभरदा पाहिलेला, आम्हाला पाठ होता. नव्या माणसाला आकडा शोधायलाच एक सेकंद लागतो. शॉट तीन सेकंदांचा केला, तरी निम्म्यांना वहीतला सोळा आणि काट्यावरचा अठरा यांचा संबंध लागेना. तो मधला, आवाजाचा रकाना न केल्याचं हे फळ. वावरात खरं काय होतं? काटा धरणारा मोठ्यानं ओरडतो. मग आम्ही त्याच मावशीच्या नवऱ्याचा आवाज घेतला: "अठरा!" हा आवाज पेनाच्या शॉटवर टाकला. कान अठरा ऐकतो, डोळा सोळा वाचतो. त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आवाजासाठी महाग माइक लागत नाही. दुसरा मोबाइल आहे ना तुमच्याकडं? तो बोलणाऱ्याच्या जवळ, चित्रात दिसणार नाही असा ठेवा, माइकवर स्पंजचा तुकडा बांधा, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे एडिटिंगला जुळवता येतं. प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घ्या. शेतीची लाइन किती वाजता येते ते आधी विचारून ठेवा. ती आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि मग तुमच्या हळव्या प्रसंगाच्या मागं पाच हॉर्सपॉवरचं संगीत वाजत राहतं.

नावाच्या पाटीचं एक. आमच्या नावात 'पऱ्हाटी' होती आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये तो ऱ्ह दर वेळी मोडायचा. 'मुक्त' किंवा 'बालू' हे मोफत देवनागरी फॉन्ट घ्या. ॲप ऐकत नसेल तर नाव दुसरीकडं लिहून त्याचं चित्र करून टाका.

आता तुमची फिल्म. पोरगा घरी न सांगता नाटकात काम करतो, इतकी चांगली गोष्ट हातात असताना ड्रोन कशाला? ड्रोनच्या नियमांत पडायचं तर पैसे घेऊन उडवल्या जाणाऱ्या २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला परवानाधारक पायलट लागतो, आणि उडवण्याआधी सरकारी नकाशावर ती जागा कुठल्या रंगात येते ते बघावं लागतं. एवढं करून गाव वरून पाहणार कोण आहे तुमच्या गोष्टीत? कोणीच नाही.

झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. म्हणजे पोरगा पहाटे घरी येणार. तिथून सुरू करा. घरामागच्या सांदवाडीत तो अंधारात उकिडवा बसलाय. हातावर खोबरेल तेल घेतो आणि चेहरा चोळतो. पंचावर लाल-पिवळा रंग उतरतो. आतून आईच्या खोकल्याचा आवाज येतो, तो थांबतो. खोकला थांबतो, तो परत चोळतो. आतली कडी वाजते. तो घाईनं पंचा सरपणाच्या ढिगात खुपसतो. आई दारात येते, बघते, काही बोलत नाही. कानामागं रंगाची एक रेघ राहिलेली आहे. ती त्याला दिसत नाही, आपल्याला दिसते. यात एकही वाक्य नाही, आणि ज्याला नट करणार आहात तो रंगमंचावरचा असेल तर ते बरंच, कारण तिथल्या सवयीनं तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलतो आणि मोबाइलपुढं ते फार मोठं वाटतं.

पहाटेचा प्रसंग पहाटेच घ्यायची गरज नाही. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ तसंच निळं असतं, तेव्हा घ्या. तुमच्या भागात वाघाची खरी भीती आहे, दृश्य छान मिळेल म्हणून झुंजुरकाला जंगलाच्या कडेनं फिरू नका. उजेडाला दाराच्या आत एक चार्जिंगचा बल्ब टांगा, त्यावर पिवळा जिलेटीन कागद लावा. बल्बमुळं चित्रात पट्टे सरकताना दिसले तर ओपन कॅमेरासारखं मोफत ॲप घ्या, आणि फोन साथ देत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्या आकड्यांना लाइटवरच्या बल्बचे पट्टेही बहुतेक जातात.

रंग मात्र खरा वापरा, नाटकवाल्यांकडूनच मागून आणा. पावडर-कुंकू तेलानं तसं सुटत नाही, ते नुसतं पसरतं. आणि पंचे चार घ्या. प्रत्येक टेकला कोरा लागेल.