हळद विकायची असेल तर जाहिरात कढईपाशी बसून लिहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचा बचत गट समुद्रपूर तालुक्यातला, पाच बाया मिळून वायगाव हळद पिकवता, उकडता, दळता. फेसबुकवर पेज काढलं, चार हजार रुपयांचं बूस्ट केलं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवली, लाईक आले बाराशे अन् ऑर्डर आल्या तीन, त्यातली एक सख्ख्या भावाची. आता कोणीतरी पंधरा हजारांचा कॉपीरायटिंगचा, म्हणजे जाहिरात लिहिण्याचा, ऑनलाईन कोर्स सांगून राहिला, तो घ्यावा का, असं तुमचं विचारणं आहे.

माझं उत्तर, घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. काऊन ते सांगतो, जरा लांबेल.

आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. आठ-नऊ वर्षांपासून मी 5 किलोच्या पेटीनं थेट पुण्या-मुंबईच्या घरांत संत्रा पाठवतो, त्याआधी सगळा माल बागवानाला, म्हणजे फळाच्या व्यापाऱ्याला, द्यायचो. पहिल्या वर्षी शहरातल्या एका एजन्सीकडून जाहिरात लिहून घेतली. 'निसर्गाच्या कुशीतील अमृतफळ, आरोग्याचा सोनेरी ठेवा' अशी काहीतरी होती. ती मी आमच्या मायला वाचून दाखवली, ती म्हणे, "हे कायचं आहे रे बाबू, औषधाचं का?" तिला संत्रा कळला नाही त्यातून, अन् गिऱ्हाइकालाही कळला नाही. तरी पंचवीस-तीस पेट्या गेल्या ओळखीपाळखीत, अन् चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले की तुम्ही हिरवी, कच्ची फळं पाठवली.

आता हे आमच्या भागात लेकरालाही माहीत असते. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलाचा, संत्रा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडला तर सालीवर हिरवेपणा राहते, काऊन की सालीला केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागते अन् तेव्हा थंडी पुरती पडलेली नसते. आतली फोड मात्र तयार असते. बाजारात त्या वेळेला जो एकसारखा पिवळाजर्द माल दिसते, त्यातल्या बऱ्याच मालाला गॅस देऊन रंग आणलेला असते. मी दोन दिवस हेच फोनवर एकेकाला समजावत होतो, अन् तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी तेच-तेच बोलून राहिलो अन् ऐकल्यावर माणूस शांत होते, उलट काही जण अजून एक पेटी मागतात. मग ते जसंच्या तसं लिहून काढलं. तळहातावर अर्धा सोललेला हिरवा संत्रा, आतली फोड दिसते असा फोटो, अन् वर एकच ओळ, 'साल हिरवी आहे, फोड गोड आहे, काऊन ते वाचा.' खाली पाच-सहा वाक्यं. त्या पोस्टला लाईक फार आले नाहीत, पण त्या आठवड्यात पेट्या कमी पडल्या. आजही दरवर्षी आंबियाच्या सुरुवातीला मी तीच जाहिरात थोडी बदलून टाकतो.

म्हणून कोर्सला नाही म्हणून राहिलो. तुमचं पेज मी पाहिलं. तिथे लिहिलं आहे, 'शुद्ध, नैसर्गिक, केमिकलमुक्त हळद! आरोग्याचा खजिना! आजच ऑर्डर करा!' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही हळदवाल्याच्या पाकिटावर चिकटवता येते, त्यात तुम्ही कुठेच नाही. अन् तुमच्या प्रश्नात, मधातच, तुम्ही सहज लिहून गेल्या की 'आम्ही पाच बाया रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कढईपाशी बसतो, एकीनं जाळ पाहायचा अन् एकीनं काडी टोचून पाहायची.' ताई, जाहिरात ही आहे! जाहिरात लिहायची म्हणून बसल्या तेव्हा तुम्ही दुसऱ्याचे शब्द घेतले, अन् आपली अडचण सांगायला बसल्या तेव्हा खरं लिहिलं.

मी असतो तर असं लिहिलं असतं, तुम्ही तुमच्या बोलीत बदला:

'ही वायगावची हळद आहे. जूनमध्ये आमच्या वावरात लावली, फेब्रुवारीत खणून काढली. मोठ्या कढईत उकडताना हळकुंडात काडी टोचून पाहतो, सहज आरपार गेली की जाळ काढतो. मग अंगणात उन्हात वाळवतो, हळकुंड मोडलं की कट्ट असा आवाज आला पाहिजे, तोवर दळत नाही. ढोलात घासताना वरून रंग टाकत नाही, म्हणून आमची हळकुंडं बाजारातल्यासारखी चकचकीत दिसणार नाहीत. अर्धा किलो पावडरसोबत दोन अख्खी हळकुंडं पाठवतो, मोडून पाहा.'

यात शुद्ध हा शब्द एकदाही नाही. वाचणाऱ्याच्या मनात तो आपोआप येते, अन् त्याच्या मनात आलेला शब्द आपण छापलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकते. चकचकीत दिसणार नाही हे मुद्दाम लिहिलं आहे, आधी सांगितलं तर ती ओळख होते, पाकीट फोडल्यावर दिसलं तर तक्रार होते, हे मी हिरव्या संत्र्यावर शिकलो.

तुम्ही म्हणाल, उकडणं-वाळवणं तर सगळेच करतात, त्यात काय सांगायचं. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स म्हणून एक जाहिरात लिहिणारा होता, शंभरावर वर्षं झाली त्याला. श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीनं त्याला बोलावलं. तेव्हा सगळ्याच बिअरवाल्यांच्या जाहिरातीत 'शुद्ध' हाच शब्द मोठा-मोठा छापलेला असे. हा गडी कारखाना पाहायला गेला, तिथे बाटल्या वाफेनं धुतात, पाणी खूप खोल विहिरीतून आणतात, हे सगळं पाहून म्हणाला की हे लोकांना काऊन सांगत नाही? ते म्हणाले, सगळेच कारखानेवाले असंच करतात. त्यानं तेच लिहिलं, कारण सगळे करत होते पण सांगत कोणीच नव्हतं, अन् ती बिअर जोरात चालली. तुमच्या कढईचं तसंच आहे.

आता पैशाचं. बूस्टचं बटण दाबताना तुम्ही फेसबुकला लाईक-कमेंट मागितल्या, त्यानं लाईक करणारी माणसं शोधून दिली, त्याचं काम त्यानं केलं. पुढच्या वेळेस मेसेज येतील असा पर्याय निवडा, जाहिरातीवरून थेट व्हॉट्सॲप उघडते. सगळा महाराष्ट्र घेऊ नका, एक नागपूर अन् एक पुणे पुरे. दिवसाला दोनशे रुपये, पाच दिवस. दोन जाहिराती लावायच्या, फोटो तोच ठेवून फक्त पहिली ओळ वेगळी, म्हणजे काय चाललं ते कळते. सगळंच एकदम बदललं तर काहीच कळत नाही. पहिल्या ओळीवर जीव लावा, कारण मोबाईलवर दोन-तीन ओळींनंतर पोस्ट कापली जाते अन् 'आणखी पाहा' तेव्हाच दाबतात जेव्हा वर काहीतरी अडकवणारं असते.

अन् किंमत लिहा! 'किंमत इनबॉक्समध्ये' वाचलं की मी स्वतः पुढे जातो. अर्धा किलोचे किती, कुरिअरचे किती, किती दिवसांत पोचेल, खराब निघालं तर काय. माझ्या जाहिरातीत असते, '5 किलोत साधारण 35 ते 40 फळं, डागी निघालं त्याचा फोटो पाठवा, तेवढ्याचे पैसे परत.' पैसे त्याच दिवशी परत करतो, अन् ज्यांचे परत केले तीच माणसं दुसऱ्या वर्षी आधी विचारतात.

एका गोष्टीवर मात्र मी कडक बोलणार आहे. तुमच्या पेजवर एका पोस्टमध्ये शुगर अन् कॅन्सरवर हळद गुणकारी असं आहे. ते आजच काढा. असे आजार बरे होतात अशी जाहिरात करण्यावर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, त्याच्या यादीत मधुमेह अन् कॅन्सर दोन्ही आहेत, शिवाय ग्राहक कायद्यातही फसव्या जाहिरातीला मोठा दंड आहे. पण दंड राहू द्या, कोणाची तरी माय ते वाचून गोळी बंद करेल, तो भार आपल्या डोक्यावर नको. करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, किती टक्के तेही प्रयोगशाळेत तपासून आणल्याशिवाय लिहू नका, अन् तपासलं तर रिपोर्टचा फोटोच टाका. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर पाकिटावर अन् जाहिरातीत दोन्हीकडे पाहिजे. वायगाव हळदीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते नाव तुमच्या गावाचं आहे, पण त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून गटाची किंवा बायांची नोंद आहे का ते पाहून घ्या, नसेल तर करा, मग ते ठणकावून लिहिता येते.

हळदीत रंग असेल ही शहरातल्या बायांची खरी भीती आहे. त्यावर शब्द खर्चू नका, व्हिडिओ करा. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर तुमची हळद, हलवायची नाही. चांगली हळद खाली बसते अन् पाणी फिकट पिवळं राहते, रंग टाकलेली असेल तर पाणी गडद पिवळं होते. ही घरगुती तपासणी एफएसएसएआयनंच सांगितलेली आहे. व्हिडिओत हात तुमचा, आवाज तुमचा, बोलणं आपलं वऱ्हाडी. पुण्याच्या एका ताईंनी मला विचारलं होतं की आंबिया म्हणजे काय, मी सांगितलं की आंब्याला मोहर येते त्या दिवसांत संत्र्याला फूल येते तो बहार. आता त्या स्वतः फोन करून आंबिया कधी निघते म्हणून विचारतात. आपले शब्द काढून टाकू नका, समजावून सांगा.

व्हॉट्सॲपचं एक ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 माणसं बसतात, पण मेसेज त्यालाच जाते ज्यानं आपला नंबर सेव्ह केला आहे. म्हणून पाकिटात हातानं लिहिलेली चिठ्ठी टाका, कोणी दळली तिचं नाव अन् नंबर सेव्ह करा एवढंच. मार्च ते मे वर्षाचं तिखट-हळद भरायचे दिवस, तेव्हा एक मेसेज, मग मधात उगाच गुड मॉर्निंग पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.

अन् एक वही करा. फोनवर गिऱ्हाईक जे विचारते ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, 'कडू तर नाही लागत?', 'भाजीत किती टाकायची?', 'पावसाळ्यात अळी होते का?' दहा वेळा आलेला प्रश्न ही पुढची पोस्ट. माझ्या अशा तीन वह्या भरल्या आहेत, कोर्सपेक्षा त्याच जास्त कामी आल्या.

यंदाची हळद उकडणं चालूच आहे म्हणता, तर आज रात्री कढई लागली की मोबाईल विटेवर टेकवून ठेवा अन् काडी टोचतानाचं दोन मिनिटं घ्या, वरून गाणं लावू नका, जाळाचा अन् तुमच्या बोलण्याचा आवाज राहू द्या. पंधरा हजारांत सीलिंग मशीन अन् तपासणीचा रिपोर्ट, दोन्ही बसते का ते आधी विचारून पाहा. नवी पोस्ट लिहिली की टाकायच्या आधी इथेच चिकटवा, मी ओळ-ओळ पाहून सांगतो. आमची मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलाच्या, संत्र्याची तोडणी सुरू आहे, म्हणून उत्तर रात्री आठनंतरच येईल.