दाखला काढण्याआधी

प्रिय बेटा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. पोराला शाळेतून काढून घरीच शिकवायचं, म्हणजे होमस्कूलिंग करायचं, तुम्ही मनावर घेतलंय. अभ्यासक्रम कोणता घेऊ, परदेशातला मागवू का, केवढ्याला पडेल, हेच त्यात जास्त आहे. ते आधी निकालात काढते. तिसरी संपवून निघालेल्या पोराला बालभारतीची पुस्तकं पुरतात. पीडीएफ फुकट मिळतात, छापील हवी असतील तर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात एक चक्कर मार. इंग्रजीतून शिकवणार असशील तर एनसीईआरटी. हजारो रुपयांचा खोका मागवू नकोस. असे खोके जूनमध्ये कौतुकाने उघडतात आणि दिवाळीच्या सफाईत माळ्यावर जातात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

माझं लक्ष तुझ्या दुसऱ्याच ओळीवर अडकलं. 'आईंना अजून सांगितलं नाही.' अख्ख्या पत्रात सासूबाई तेवढ्याच येऊन गेल्या. अगं, एका घरात राहता, एका चुलीवरचं जेवता. पोरगं सकाळी दप्तर घेऊन निघेनासं झालं, तर ते त्यांच्यापासून किती दिवस लपणार? होमस्कूलिंग सुरू केलेली आणि सोडून दिलेली, दोन्ही तऱ्हेची घरं मी जवळून पाहिली. गणित कच्चं राहिलं म्हणून कोणी सोडलं नाही. घरातली माणसं एका बाजूला नव्हती, म्हणून सोडलं.

तेव्हा पहिलं काम हे. सासूबाईंना तुझ्या नवऱ्याने सांगावं, तू नाही. सुनेने सांगितलं की तो सुनेचा हट्ट ठरतो, मुलाने सांगितलं की घराचा निर्णय. मला हे पटत नाही, पण आपल्याकडे आहे ते असं आहे. आणि सांगताना जन्मभराचा विडा उचलल्यासारखं सांगू नये. 'एक वर्ष बघतो, नाही जमलं तर पुढच्या जूनमध्ये परत शाळेत घालतो,' एवढं पुरे. हे खोटं आश्वासन नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. आजीच्या जिवाला हे कळणं फार गरजेचं असतं.

त्यानंतरही रोज दुपारी प्रश्न येईलच, 'पोट्टं दिवसभर घरी काय करून राहिलं?' त्याला मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांची नावं घेऊन उत्तर देऊ नकोस. सासूबाईंनाच शिकवण्यात ओढ.

आता उन्हाळाच आहे, तुमच्याकडे कुरडया होतीलच. गहू भिजवायचे आणि तीन दिवस रोज सकाळी पाणी बदलायचं, हे काम पोराकडे दे. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बुडबुडे दिसतील, आंबूस वास येईल. त्याला आधी वास घेऊ दे, मग विचार की हे कशानं होत असेल. लगेच सांगून टाकू नकोस. तिसऱ्या दिवशी वाटून गाळलं की चीक तळाशी बसतो आणि वर गढूळ पाणी राहतं. ते ओतायला आजीच पाहिजे, हात जरा हलला की चीक उठतो. त्यातला चमचाभर चीक बशीत काढ आणि त्यावर बेटाडीनचा एक थेंब टाकू दे त्याला. निळा-काळा होईल. मग आलूची फोड, मीठ, साखर, पोळीचा तुकडा, सगळ्यांवर एकेक थेंब. कशाचा रंग बदलला, कशाचा नाही, ते वहीत त्याच्याच अक्षरात. बश्या मात्र लगेच घासून ठेव, नाहीतर बेटाडीन कोणाच्या तरी पोटात जायचं. आजी पायलीच्या हिशेबाने सांगते, तर पायलीभर गहू वजनकाट्यावर किती भरतात हे त्यानेच तोलून काढावं आणि तेवढ्यात किती कुरडया पडल्या तेही मोजावं. वर्षभराच्या शाळेत जे विज्ञान आणि जी वजनमापं शिकला असता, त्यातला बराच भाग त्या तीन-चार दिवसांत होऊन जातो. शिवाय गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरचे कावळे हाकलणं आहेच, ते मात्र निव्वळ काम.

आजीने फोनवर आपल्या बहिणीला 'आमच्या नातवानं चिकाचा रंग बदलून दाखवला' असं एकदा सांगितलं की तुझा अर्धा भार हलका झाला समज. मात्र आजीचा शिकवायचा तास ठरला की त्या तासात तू मध्ये बोलायचं नाही. ग्रहणात जेवू नये असंही त्या शिकवतील. शिकवू दे. ग्रहण कसं लागतं ते नंतर संत्रं, लिंबू आणि टॉर्च घेऊन दाखवता येतं. आजीचा शब्द त्याच्यासमोर खोडलास, तर दुसऱ्या दिवसापासून त्या तास घेणार नाहीत. आणि त्यांना फुकटची आया करू नकोस, एवढंही लक्षात ठेव.

पोरगं शाळेतून निघालं की पहिले काही आठवडे लोळत पडेल. कूलरसमोर पडून छताकडे बघेल, 'बोअर होतंय' म्हणेल, तुझ्या पोटात गोळा येईल. होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांत एक ढोबळ हिशेब सांगतात, जितकी वर्षं शाळेत गेली तितके महिने मुलाला मोकळं सोडायचं. हा काही नियम नाही, पण तुमच्या बाबतीत सोय आपोआप झाली आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात, जूनच्या अखेरीकडे. तोवर कोणी विचारणार नाही, पोरं सगळीच घरी असतात. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. असल्या दिवसांत वेळापत्रक आपण नाही, ऊनच ठरवतं. पहाटे अंबाझरी तलावाकडे फिरणं, नऊच्या आत घरी, दुपारी पडदे ओढून वाचन किंवा झोप. खरा अभ्यास पाऊस लागल्यावर. थंडीत मात्र घरात कोंडू नकोस, आपल्याकडे बाहेर हिंडायचे दिवस तेच.

वेळापत्रकाबद्दल एवढंच सांगते. तिसरी-चौथीच्या वयाला पाटी-पुस्तकाचे दोन तास भरपूर झाले. शाळेत पाच तास जातात, त्यात रांगा, हजेरी, डबा आणि 'शांत बसा' किती, ते तूही शिकलेली आहेस, तुला ठाऊक आहे.

नवऱ्याची बुटीबोरीची शिफ्ट असते असं लिहिलंस. तो 'मदत करेन' म्हणतो. मदत नको म्हणावं, एक विषय घे. तुझ्याकडे न विचारता, न आठवण करून देता चालेल असा एक विषय. बाजार हा सगळ्यात सोपा. साप्ताहिक सुटीच्या दिवशी पोराच्या हातात तीनशे रुपये आणि यादी द्यायची: सांबार (कोथिंबीर), आलू, टमाटर, वांगी, निंबू. घासाघीस त्याने करायची, बापाने पिशवी धरून मागे उभं राहायचं. पाव किलो वीसला तर दीड किलो केवढ्याला, हे भाजीवाली बाई तोंडावर विचारते तेव्हा पोरगं झटकन शिकतं. उरलेले पैसे आणि हिशेब दोन्ही घरी जुळले पाहिजेत. नाही जुळले तर बापाने आपल्या खिशातून भरून द्यायचे नाहीत, इथे बाप नेहमी घोटाळा करतात.

आता दोस्तांचं. खरं सांगायचं तर दुपार एकटी जाते. नागपुरात होमस्कूलिंगची घरं आहेत, पण एक मानेवाड्याला तर एक दाभ्याला. आठवड्यातून एक दिवस ठरवून भेटा, एवढं जमलं तरी खूप. रोजचे दोस्त मोहल्ल्यातलेच. ती पोरं शाळेतून येतात, खातात आणि शिकवणीला जायच्या आधी तासभर खाली खेळतात. तो तास तुझ्या घरात पवित्र असू दे, तेव्हा कोणतंही पुस्तक उघडायचं नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून तो त्यांच्यासोबत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला गेला पाहिजे. शाळेत जात नाही म्हणून ज्याला वेगळं पाडलंय त्या पोराला ती एक संध्याकाळ पुष्कळ काही देऊन जाते. बाकी अजब बंगला, म्हणजे आपलं संग्रहालय, आहे, रमण विज्ञान केंद्र आहे. दोन्हीकडे एका फेरीत एकच दालन बघा, सगळं बघायला गेलात तर काहीच उरत नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो, सर्वांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतात. 1817 ची भोसले-इंग्रज लढाई त्याला तिथे उभं करूनच सांग.

होमस्कूलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मात्र कमी जा. कोणाचं सात वर्षांचं पोरगं ॲप बनवतंय, कोणाचं चार भाषा बोलतंय, हे वाचून आपलं पोरगं बिघडलेलं दिसायला लागतं. लग्नाकार्यात विचारतील, त्यांना 'घरीच शिकतो, दहावीला बसेल' असं सांगून पुढच्या पंगतीकडे वळायचं. वाद घालत बसू नये, वरणभात गार होतो.

कागदपत्रांचं मात्र हलकं घेऊ नकोस. आपला कायदा होमस्कूलिंगला ना परवानगी देतो ना बंदी घालतो, त्यात तो शब्दच नाही. दहावं कलम मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतं, पण न घातल्यास पालकांना शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. या मोकळ्या जागेत आपण सगळे उभे आहोत, म्हणून कागद नीट हवेत. शाळा सोडल्याचा दाखला रीतसर काढ. सोडण्याचं कारण लिहायच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच लिहायला सांग, ऑफिसात तत्त्वज्ञान सांगत बसू नकोस. नाव, जन्मतारीख आधारशी आणि आईचं नाव जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते खिडकीपाशीच वाचून बघ. पुढे एनआयओएस (केंद्राचं मुक्त विद्यालय) असो की राज्य मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता दहावीला बसायचा फॉर्म, हा कागद कामी येतो. एनआयओएसला चौदा पूर्ण झाले की दहावीला बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. विषय सुटे सुटे देता येतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि मराठी माध्यमही आहे. पण ते तुला सहा वर्षांनी लागणार. तोवर पोराच्या वह्या, चित्रं, फोटो दर महिन्याला एका फाईलमध्ये लावत जा, तारीख टाकून. कोणी विचारलं तर दाखवायला, आणि वर्षाच्या शेवटी तुम्हा दोघांना ठरवायला.

शेवटचं तुझ्याबद्दल. दोन वर्षांची पोरगी कडेवर, आठ वर्षांचा समोर, आणि तू लिहितेस की नोकरी सोडायला तयार आहेस. घाई करू नकोस. घरून अर्धवेळ मागून बघ. दुपारचे दोन तास रोज तुझे, बंद दारामागचे, हे सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या बैठकीतच ठरव, नंतर कोणी देत नाही. हातात चार पैसे आपले असले की पोराच्या प्रत्येक चुकलेल्या पाढ्याला आपल्या त्यागाचा हिशेब जोडला जात नाही. आणि पोराला विचार. आठ वर्षांच्या मुलाला मत असतं. वर्षभराने त्याने शाळेत जायचं म्हटलं, तर खुशाल घाल. त्यात तू हरत नाहीस.

घरात सगळ्यांशी बोलून झालं की दाखल्याचं काम एप्रिलमध्येच उरक. मे लागला की शाळेच्या ऑफिसात कोणी भेटत नाही.

तुझी,
काकू