खांब जमिनीत टिकेल का? पोल बार्नबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार, आम्ही मिशिगनमध्ये राहतो, मागच्या वर्षी शहराबाहेर ५ एकर जागा घेतली. आता ट्रॅक्टर, गवताचे भारे आणि ४-५ शेळ्यांसाठी ३० बाय ४० फुटांचा पोल बार्न (जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभं राहणारं पत्र्याचं शेड) बांधायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ६ बाय ६ इंचांचे ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेले, लाकडी खांब खड्ड्यात उभे करू, खाली खडी टाकली की झालं. शेजारी म्हणतात लाकूड मातीत घालूच नका, कुजतं. कुणाचं ऐकू?

उत्तर : शेजाऱ्यांची भीती खरी आहे पण तिला उपाय आहे, खडीवाली गोष्ट मात्र मला अजिबात पटली नाही. जरा हिशोब करा. दर ८ फुटांवर खांब धरला तर मधल्या प्रत्येक खांबावर ८ गुणिले १५ (३० फूट रुंदीचे निम्मे) म्हणजे १२० चौरस फूट छप्पर येतं, बर्फाचा भार चौरस फुटाला ३० पौंड धरला तरी ३६०० पौंड झाले, आणि ६ बाय ६ चा खांब प्रत्यक्षात भरतो साडेपाच इंच, म्हणजे हे सगळं वजन पाव चौरस फुटाहून कमी जागेवर! माती दबणारच. एक खांब इंचभर खचला तरी पत्रे ताणले जातात, दरवाजा अडकतो. म्हणून तळाशी १८-२० इंच व्यासाचं काँक्रीटचं फूटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद पाया, ओता, नक्की माप इंजिनिअर माती बघून सांगेल, आणि ते पक्कं झाल्यावरच खांब उभा करा. काँक्रीटची कोरडी गोणी खड्ड्यात टाकू, ओलाव्याने आपोआप जमेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन ४२ इंचांपर्यंत गोठते असं धरतात, फूटिंग त्याच्या वर राहिलं तर जमीन फुगून खांब उचलते, तेव्हा खड्डा ४ फुटांच्या पुढेच जाऊ द्या.

आता कुजण्याचं. लाकूड आधी सडतं ते जमिनीखालच्या पहिल्या फूटभरात, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. आणि सगळंच ट्रीटेड लाकूड सारखं नसतं हो. टोकाला प्लास्टिकचं छोटं लेबल असतं ते स्वतः वाचा, त्यावर यूसी४बी (जमिनीत पुरायच्या खांबांसाठीचा दर्जा) पाहिजे, दुकानात सहज मिळतं ते बऱ्याचदा यूसी४ए, ते कुंपणाला ठीक. कापलेलं टोक खाली घालू नका, औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. आजकालच्या औषधांत तांबं असतं ते साध्या खिळ्यांना खातं, त्यामुळे खिळे-बोल्ट हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलेच घ्या.

बजेट ताणता येत असेल तर मी सांगेन, जमिनीत प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतून तयार केलेला) काँक्रीटचा खांब, वर लोखंडी ब्रॅकेट आणि लाकूड मातीच्या वरच. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा, तेच. फरक इतकाच की वाड्याचं छप्पर जड, ते वजनानेच बसून राहायचं, इथे पत्रा हलका, मोठा दरवाजा उघडा असला की वारा आत घुसून छप्परच उचलायला बघतो. म्हणून ब्रॅकेट वाऱ्याच्या आडव्या आणि उचलणाऱ्या जोराला पुरेल का हे इंजिनिअरला विचाराच, आणि लाकूडच पुरणार असाल तर खांब वर उचलला जाऊ नये म्हणून तळाशी काँक्रीटची कॉलर (खांबाभोवतीचं कडं) नाहीतर दोन्ही बाजूंनी बोल्ट केलेले ट्रीटेड ठोकळे हवेत.

आखणीला तुमचं माप फार सोयीचं, ३० आणि ४० चा कर्ण बरोब्बर ५० फूट, दोन्ही कर्ण ५० आले की कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात. खोदायच्या आधी काही दिवस ८११ ला फोन करा, फुकट असतं, गॅस-विजेच्या लाइनी जमिनीवर खुणा करून देतात.

प्रश्न : बार्न बांधून झालाय, पण थंडीत पत्र्याखालनं पाणी ठिबकतं. गळती सापडत नाही.

उत्तर : गळती नसेलच बहुतेक. जनावरांच्या श्वासाची, ओल्या जमिनीची दमट हवा गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. आढ्याला आणि वळचणीला हवा खेळायला जागा ठेवा, मातीची जमीन असेल तर तिची ओल वर येणं थांबवा. पहिल्या प्रश्नवाल्यांनो, तुमचे पत्रे अजून चढायचेत, तेव्हा खालून फेल्ट (ओल शोषून धरणारा कापडासारखा थर) लावलेलेच मागवा, नंतर शिडीवर उभं राहून ते चिकटवणं फार त्रासाचं होतं.