खंजिरी ऐकू येते का? रेकॉर्डप्रेमींची प्रश्नोत्तरं

या खेपेला जवळजवळ सगळी पत्रं बीटल्सच्या सिंगल्सबद्दल आहेत. तेव्हा बाकीच्यांनी रागावू नये, त्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: माझ्याकडे 'लव्ह मी डू' दोन सीडींवर आहे. पहिल्या अल्बमच्या सीडीवर खंजिरी स्पष्ट वाजते, 'पास्ट मास्टर्स' या सिंगल्सच्या संग्रहावर ती मुळीच नाही आणि आवाजही मातकट आहे. रीमास्टर (जुन्या मिक्सवरून नवी प्रत तयार) करताना खंजिरी पुसली गेली का? (वाचक, नाशिक)

उत्तर: रीमास्टर करणाऱ्याच्या हाती खर्ज, धार (उंच स्वर), आवाजाची पातळी एवढंच असतं. एका ट्रॅकवर मिसळून गेलेली खंजिरी त्याला काढता येत नाही. तुमच्याकडे दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत. 4 सप्टेंबर 1962 ला ड्रमवर रिंगो स्टार होता, त्यात खंजिरी नाही. 11 सप्टेंबरला ड्रमवर अँडी व्हाइट हा भाडोत्री वादक बसला आणि रिंगोच्या हातात खंजिरी आली. 5 ऑक्टोबर 1962 ला निघालेल्या सिंगलच्या पहिल्या छपाईत आधीचं ध्वनिमुद्रण होतं. 1963 च्या अल्बमवर आणि सिंगलच्या नंतरच्या छपायांत दुसरं आलं.

मातकटपणाचं कारणही तिथेच आहे. 4 सप्टेंबरची मूळ टेप शिल्लक राहिली नाही, त्यामुळे पुनर्प्रकाशनांसाठी ते गाणं जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावं लागलं. घोळ कंपनीच्याही हातून होतो: 2012 मध्ये पन्नाशीनिमित्त काढलेल्या सिंगलवर चुकून खंजिरीवालं ध्वनिमुद्रण छापलं गेलं आणि माल परत मागवावा लागला. लेबलाच्या रंगावर भिस्त ठेवू नका, कान लावा.

दोन प्रतींत फरक जाणवला की तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. वादन-गायन तेच आहे का (टेक)? तेच असेल तर वाद्यांचं आपसातलं प्रमाण आणि जागा त्याच आहेत का (मिक्स)? त्याही त्याच असतील तर उरलेला फरक मास्टरिंगचा. बहुतेक वाद तिसऱ्या पायरीवरून सुरू होतात आणि उत्तर पहिल्या पायरीवर पडलेलं असतं.

प्रश्न: दोन पुनर्प्रकाशनांवर एकच मिक्स आहे का, हे संगणकावर नक्की कसं तपासायचं? मी एक ट्रॅक उलटा करून दुसऱ्यात मिसळला, पण शांतता होण्याऐवजी झांजांचा चुरचुराट उरला. (वाचक, पुणे)

उत्तर: तुमची दिशा बरोबर आहे, मोजमाप कच्चं राहिलं. 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल), 32-बिट फ्लोटमध्ये उघडा आणि पुढच्या क्रमाने जा.

आधी वेग. गाण्याच्या सुरुवातीचा एक ठळक ठोका आणि शेवटचा एक ठोका निवडून दोन्ही प्रतींत त्यांच्यामधलं अंतर मोजा. एकीत 140.0 सेकंद आणि दुसरीत 141.4 आलं, तर दुसरी एक टक्का संथ आहे. म्हणजे तिचा सूरही सुमारे 17 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला. 'चेंज स्पीड अँड पिच' वापरून ती एक टक्का वाढवा. 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्याने सूर तसाच राहतो आणि आवाजाची वीण बिघडते. अंदाजपंचे भागणार नाही: वेगात 0.1 टक्का फरक राहिला तरी दहा सेकंदांत दोन्ही प्रती 10 मिलिसेकंदांनी, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला 441 सॅम्पलनी, एकमेकींपासून सरकतात.

मग जुळणी. पहिल्या ठोक्याची लाट पूर्ण मोठी करून अगदी सॅम्पलवर सॅम्पल बसवा. तुमच्या चुरचुराटाचं मूळ बहुधा इथे आहे. 44.1 किलोहर्ट्झला एकाच सॅम्पलची चूक राहिली तर 100 हर्ट्झचा खर्ज 37 डेसिबलने खाली जातो, पण 10 किलोहर्ट्झला वजाबाकी उलटून मूळ आवाजापेक्षाही सुमारे 2 डेसिबल जास्त उरतं. खर्ज गायब आणि झांजा शिल्लक असं ऐकू आलं, तर मिक्सला दोष देण्याआधी जुळणी पुन्हा करा.

शेवटी पातळी. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने दोन्ही प्रती -23 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा, मग 0.1 डेसिबलच्या टप्प्यांनी एक प्रत वरखाली करत उरलेला आवाज किमान करा. एक डेसिबल फरक असेल तर वजाबाकी 19 डेसिबलवर अडकते, 0.1 डेसिबलला ती 39 च्या आसपास जाते. आता एक प्रत 'इन्व्हर्ट' करून मिसळा. आवाज घटण्याऐवजी दुप्पट झाला तर घाबरू नका, त्या प्रतीची ध्रुवता (लाटेची वर-खाली दिशा) आधीच उलटी आहे. 'इन्व्हर्ट' मागे घ्या.

उरतं त्याचा अर्थ असा लावायचा. सगळं गाणं पातळ, फक्त खर्जात किंवा फक्त धारेत ऐकू आलं, तर फरक इक्वलायझेशनचा (खर्ज-धार कमीजास्त करण्याचा). फक्त जोरदार ठोक्यांच्या जागी काही उसळत असेल तर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावलाय. एखादं वाद्य किंवा एखादा गळा नीट ओळखू येण्याजोगा उरला तर मिक्सच वेगळं. तबकडीवरून केलेल्या प्रतींवर हा प्रयोग पूर्ण यशस्वी होत नाही, कारण तबकडी थोडीही विकेंद्री असली की वेग प्रत्येक फेऱ्याला डुलतो. तिथे दोन-तीन सेकंदांचे तुकडे घेऊन तपासा.

आणि नुसती ऐकून तुलना करतानाही पातळी आधी जुळवा. एक डेसिबलने मोठी असलेली प्रत कानाला 'जास्त खुली' वाटतेच. 2009 च्या रीमास्टरमध्ये स्टिरिओ संचाला थोडं लिमिटिंग आहे, मोनो संचाला नाही. न जुळवता ऐकलंत तर तुम्ही लिमिटरलाच गुण द्याल.

प्रश्न: 'आय अ‍ॅम द वॉलरस' माझ्या स्टिरिओ एलपीवर दोन मिनिटांनंतर अचानक पोकळ होतं. प्रत सदोष आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: प्रत ठणठणीत आहे. 29 सप्टेंबर 1967 ला मोनो मिक्स करताना रेडिओवर सुरू असलेलं 'किंग लिअर' थेट मिक्समध्येच सोडलं गेलं. वाद्यं-गळे वेगवेगळे असलेल्या मल्टिट्रॅक टेपवर ते नव्हतंच. मग स्टिरिओत ते आणायचं कुठून? म्हणून स्टिरिओ मिक्सचा उत्तरार्ध त्या मोनो मिक्सवरूनच जोडला आणि त्याला नकली स्टिरिओचा मुलामा दिला: एका बाजूला खर्ज जास्त, दुसरीकडे धार जास्त. प्रत ओळखायची तर सुरुवातीचे सूर मोजा. ब्रिटिश मोनो सिंगलमध्ये गुंगवणारा आरंभीचा ठेका 4 मात्रांचा आहे, ब्रिटिश स्टिरिओत 6 मात्रांचा.

नकली स्टिरिओ पकडायची युक्ती सोपी आहे. डाव्यातून उजवा चॅनल वजा करा. खरा मोनो असेल तर शांतता (तबकडी असेल तर खरखर). खरा स्टिरिओ असेल तर कडेला ठेवलेली वाद्यं उरतात आणि मधलं नाहीसं होतं. नकली असेल तर अख्खं गाणं डब्यात वाजल्यासारखं उरतं, कुणीच नाहीसं होत नाही. 1967 च्या अमेरिकी 'मॅजिकल मिस्टरी टूर'च्या स्टिरिओ एलपीवर 'पेनी लेन', 'ऑल यू नीड इज लव्ह' आणि 'बेबी यू आर अ रिच मॅन' अशीच नकली आहेत. या गाण्यांचे खरे स्टिरिओ 1971 च्या जर्मन एलपीवर मिळतात, 1987 च्या सीडीवरही.

प्रश्न: वडिलांच्या 45 आरपीएमवरचं 'हेल्प!' आणि सीडीवरचं, यांत जॉन लेननचा आवाज वेगळा का लागतो? (वाचक, बडोदा)

उत्तर: कारण गायनच वेगळं आहे. मोनो सिंगलमध्ये मुख्य गायन दुसरं आहे आणि खंजिरी नाही. स्टिरिओत ती आहे. त्यात आणखी एक पेच असा की 'हेल्प!' अल्बमची 1987 ची सीडी जॉर्ज मार्टिन यांनी 1986 मध्ये केलेल्या नव्या स्टिरिओ मिक्सवरून निघाली, आणि 2009 ची स्टिरिओ सीडीही त्याच मिक्सची आहे. 1965 चं मूळ स्टिरिओ मिक्स हवं असेल तर ते 2009 च्या मोनो संचात, मोनोच्या शेजारी दिलेलं आहे. नाव 'मोनो संच' असल्यामुळे अनेक जण तिथे शोधतच नाहीत. हाच प्रकार 'रबर सोल'चा.

अशीच एक सोपी खूण 'प्लीज प्लीज मी'ची: शेवटच्या कडव्यात शब्द चुकून लेननला हसू फुटत असेल तर तो स्टिरिओ.

प्रश्न: 'शी लव्ह्ज यू'चं स्टिरिओ नाही असं वाचत आलो, पण 2023 च्या 'लाल' संग्रहात (1962 ते 1966 ची निवडक गाणी) ते आहे. जुनी टेप सापडली का? (वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. 1963 च्या ध्वनिमुद्रणाची दोन-ट्रॅकची टेप पुसली गेली, उरला फक्त मोनो मास्टर. 2023 मध्ये त्या मोनोतूनच संगणकाने गळे आणि वाद्यं वेगळी काढून ती पुन्हा पसरवली. ऐकायला मजा आहे, पण ते 1963 चं मिक्स नव्हे. संग्रहाच्या वहीत त्याला वेगळी ओळ द्या आणि मूळ मिक्सच्या जागी ते धरू नका.

प्रश्न: पार्लोफोनच्या (बीटल्सचं तेव्हाचं लेबल) ब्रिटिश सिंगलवर लेबलाशेजारी कोरलेली अक्षरं काय सांगतात? आणि घरी बीटल्सची भारतीय छपाईची 78 ची तबकडीही आहे, ती नेहमीच्या सुईने वाजवू का? (वाचक, नागपूर)

उत्तर: लेबलावरचं नाव वाचता येईल अशी तबकडी धरा आणि ती घड्याळाची तबकडी समजा. 6 च्या काट्याला मॅट्रिक्स क्रमांक असतो, त्याच्या शेवटचा आकडा कोणत्या कटिंगवरून (मूळ तबकडीवर खोबण कोरण्याची खेप) छपाई झाली ते सांगतो. 9 च्या काट्याला मदरचा (जिच्यावरून स्टँपर बनतात ती धातूची प्रत) क्रमांक, 3 च्या काट्याला स्टँपरची (प्रत्यक्ष छापणारा साचा) अक्षरं. ती 'ग्रामोफ-एलटीडी' या दहा अक्षरांच्या शब्दावरून वाचायची: जी म्हणजे 1, आर 2, ए 3, एम 4, ओ 5, पी 6, एच 7, एल 8, टी 9, डी 0. 'जीएम' दिसलं तर 14 वा स्टँपर. मिक्स बदललं की कटिंग नव्याने करावं लागतं, म्हणून तुलनेसाठी मॅट्रिक्सचा शेवट महत्त्वाचा. स्टँपर कितवा यावर फक्त छपाईची ताजगी ठरते.

78 ला एलपीची सुई अजिबात नको. तिची खोबण रुंद असते, साधारण 3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची सुई लागते. 0.7 मिलची स्टिरिओ सुई तळाला घासत जाते आणि खरखरच वाचते. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर ठेवा, खोबणीचा उभा आवाज रद्द होतो. लाखेची तबकडी असेल तर स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते.

प्रश्न: मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं बीटल्सचं गाणं कुठल्या पुनर्प्रकाशनात घ्यावं? (वाचक, मुंबई)

उत्तर: 'दि इनर लाइट', 1968 च्या 'लेडी मॅडोना'ची दुसरी बाजू. वाद्यमेळ जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत, भारतीय वादकांकडून वाजवून घेतला, गायन नंतर लंडनमध्ये चढवलं. सिंगलवर मोनो मिक्स आहे. स्टिरिओ मिक्स 27 जानेवारी 1970 ला झालं, पण बाहेर आलं ते 1981 च्या ईपी संचात. दोन्ही ऐकायची असतील तर 2009 च्या मोनो संचातलं 'मोनो मास्टर्स' आणि स्टिरिओसाठी 'पास्ट मास्टर्स' घ्या. वाद्यमेळाची पट्टी जुळवून पाहण्याचा मोह झालाच, तर वर सांगितल्याप्रमाणे आधी वेग मोजा.