हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारा मुलगा एका उन्हाळ्यात 18 पौंड वाढला. स्टेरॉइडचा संशय घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या हायस्कूलमध्ये दहावीत आहे. मे महिन्यात 152 पौंड होता, ऑगस्टमध्ये 170 भरला, उंचीही थोडी वाढली. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून छातीवरून वजनाची दांडी उचलणं) 135 पौंडांवरून 185 वर गेली. आता मॅचच्या वेळी शेजारी बसणारे पालक आपसात कुजबुजतात. हे नुसत्या व्यायामानं होतं का, की तो स्टेरॉइड म्हणजे स्नायू वाढवणारी, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसारखी औषधं घेतोय, आणि त्याच्या नकळत चाचणी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

व्यायामानं होऊ शकतं. आणि नकळत चाचणी करू नका. चार वर्षांपूर्वी हेच सगळं आमच्या घरात घडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा मुलगा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीत, खेळायचा. नववीत त्याला बी टीममध्ये, म्हणजे दुय्यम संघात टाकलं, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तो शाळेच्या वेट रूमला एक दिवसही चुकला नाही. सकाळी सात वाजता स्क्वॉट, बेंच, पॉवर क्लीन असे वजनांचे व्यायाम, मग उन्हात धावणं. घरी आला की सहा अंडी, आदल्या रात्रीच्या पोळ्यांना पीनट बटर लावून, वर वरण वाटीनं प्यायचा. दुधाचा गॅलन दोन दिवस पुरत नव्हता. माझे वडील तेव्हा कोल्हापूरहून आले होते. तरुणपणी ते तालमीत जायचे. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खुराक अंगी लागलाय पोराच्या." त्यांना त्यात नवल वाटलंच नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तालमीत नवीन आलेलं पोर पहिल्या वर्षात डोळ्यांदेखत भरतं आणि नंतर पावशेर वाढवायलाही घाम गाळावा लागतो.

त्यांनी अनुभवानं सांगितलं ते शास्त्रालाही धरून आहे. नव्यानं वजन उचलू लागलेल्याची ताकद पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे. असलेले स्नायू एकत्र आणि पूर्ण जोरानं वापरायला शरीर शिकतं. 135 म्हणजे दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी प्लेट. तिथून 185 म्हणजे प्रत्येक बाजूला आणखी 25 पौंड. ज्याला अजून बेंच नीट करताच येत नव्हती, त्याच्यासाठी तीन महिन्यांत एवढी मजल ही नेहमीची गोष्ट आहे. वजनाचं म्हणाल, तर वयात येताना वाढीच्या ऐन भरात मुलगा वर्षाला सरासरी 9 किलोच्या आसपास वाढतो, व्यायाम न करताही. तुमच्या मुलाचे 18 पौंड म्हणजे साधारण 8 किलो. तीन महिन्यांत हे जास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यात उंची आहे, चरबी आहे, पाणी आहे. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) घेत असेल तर एक-दोन किलो निव्वळ पाण्याचे असतात. क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही, तरी अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरा वर्षांखालच्या मुलांना ते घेऊ नका असंच सांगते. आमच्या घरी मी ते बंद केलं.

आता दुसरी बाजू. स्टेरॉइडनं काही होत नाही, सगळी मेहनतच, असं सांगून मुलांना पटवता येत नाही, कारण ते खरं नाही. 1996 साली डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 43 प्रौढ पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांचं चरबी सोडून वजन दोन किलोच्या आसपास वाढलं. ज्यांनी व्यायाम न करता आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेतलं त्यांचं तीन किलोहून जास्त, आणि दोन्ही केलं त्यांचं सहा किलो. औषध काम करतं, मुलांनाही ते ठाऊक असतं. सोळा वर्षांच्या मुलाचं नुकसान मात्र वेगळंच होतं. त्याची हाडं अजून वाढत असतात. बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो आणि हाडांच्या टोकाची वाढीची जागा वेळेआधी बंद होऊ शकते. हे मी माझ्या मुलाला भीती घालायला सांगितलं नाही. आकृती काढून दाखवली आणि त्यानं ते लक्ष देऊन ऐकलं.

उत्तर टेक्सासमध्ये लोक कुजबुजतात त्यामागे कारण आहे. 2003 च्या जुलैमध्ये प्लेनो वेस्ट शाळेतला टेलर हूटन हा सतरा वर्षांचा बेसबॉलपटू आत्महत्येनं गेला. तो स्टेरॉइड घेत होता, आणि ते सोडल्यानंतर येणाऱ्या नैराश्यामुळे हे घडलं असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं आहे. संघात जागा हवी असेल तर अंगानं मोठा हो, असं त्याला एका प्रशिक्षकानं सांगितलं होतं, असंही ते सांगतात. त्याचे वडील डॉन हूटन यांनी 2005 साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी 'डॅलस मॉर्निंग न्यूज'नं कॉलीव्हिलच्या हायस्कूलमधलं प्रकरण बाहेर काढलं आणि नऊ खेळाडूंनी स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. त्याआधी एका आईनं शाळेला सावध केलं होतं, तिचं कोणी ऐकलं नव्हतं. ही गावं माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. म्हणून 'आपली मुलं असं करत नाहीत' हे वाक्य मी घरात कधी उच्चारलं नाही.

2007 साली टेक्सासच्या विधिमंडळानं शाळकरी खेळाडूंच्या चाचण्यांचा कायदा केला. 2008 मध्ये चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या दहा हजारांच्या आसपास चाचण्यांत दोनच मुलं सापडली. 2015 मध्ये कार्यक्रम गुंडाळला, तोवर सुमारे 1 कोटी डॉलर खर्च झाले होते आणि पकडली गेलेली मुलं अगदी मोजकी होती. काहींना वाटतं धाक बसला, काहींना वाटतं चाचणीच्या जाळ्याला भोकं मोठी होती. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. म्हणून सांगते, दुकानातून किट आणून मुलाच्या लघवीची तपासणी कराल तर 'नाही' आलं तरी तुमची शंका जाणार नाही, आणि त्याला कळलं तर विश्वास जाईल.

आमचं काय झालं ते सांगते. गणपतीच्या कार्यक्रमात ओळखीच्या एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय देताय हो त्याला?" त्या हसल्या, मीही हसले. नंतर पार्किंगमध्ये एका मुलाच्या वडिलांनी त्याला तोंडावरच विचारलं. त्या दिवसापासून तो घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागला. खोलीचं दार बंद. मला वाटलं, झालं, हेच ते. लपवतोय म्हणजे घेतोय. किती चुकले मी! ज्याच्यावर खोटा आळ येतो तो मुलगाही लपतो. म्हणून दार बंद असणं, चिडणं, शर्ट न काढणं, यातल्या कशालाही पुरावा मानू नका.

त्यातच शाळेच्या फॉर्मसाठी डॉक्टरांकडे गेलो, रक्त तपासलं, तर यकृतासाठी बघतात ते एएसटी आणि एएलटी हे दोन्ही एन्झाइम वाढलेले. माझे हातपाय गार पडले. डॉक्टर शांत होत्या. त्यांनी त्याला विचारलं, काल काय केलंस? त्यानं आदल्या दिवशी जड स्क्वॉट केले होते. त्यांनी समजावलं की हे दोन्ही पदार्थ स्नायूंतही असतात, जोरदार व्यायामानंतर ते रक्तात उतरतात आणि आठवडाभर वाढलेले राहू शकतात. जीजीटी हा तिसरा एन्झाइम यकृताचा आहे, स्नायूंचा नाही, आणि तो ठीक होता. दहा दिवस वजनं बंद ठेवून पुन्हा तपासलं, सगळं जागेवर आलं. तुमच्याकडे असा रिपोर्ट आला तर लगेच मुलाकडे बोट दाखवू नका, आधी हे विचारा.

खरंच शंका असेल तर मुलाला सांगून, त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टर रक्तात टेस्टोस्टेरॉनबरोबर एलएच आणि एफएसएच हे मेंदूकडून येणारे, त्याचं उत्पादन चालवणारे हार्मोन बघू शकतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर आपलं उत्पादन थांबवतं आणि एलएच तळाला जातो. वयाप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून इंटरनेटवरचा तक्ता लावून घरी निदान करू नका. आजकाल मुलं इंजेक्शनपेक्षा सार्म्स नावाची, स्टेरॉइडसारखा परिणाम करणारी औषधं ऑनलाइन मागवतात. बाटलीवर 'माणसांसाठी नाही, फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं, आणि अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं 2017 मध्येच त्यांच्याबद्दल इशारा दिला होता. त्याच्या खोलीत बाटली दिसलीच तर लेबल वाचा. साध्या प्रोटीन पावडरीबद्दलही सावध राहा. इथे अशी पूरकं बाजारात येण्याआधी सरकार तपासून मान्यता देत नाही. आम्ही 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हा स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेलीच घेत होतो, नंतर तीही सोडली, कारण पनीर, अंडी आणि डाळीत भागत होतं.

शरीराकडे बघायचंच असेल तर पाठीवर अचानक पुरळ, छातीला गाठ किंवा दुखरेपणा, खांद्यावर ताणाच्या नव्या लाल रेषा, झोप उडणं, रागाचे झटके यांकडे बघा. यातलं बरंचसं वयात येणाऱ्या कुठल्याही मुलाला होतं, म्हणून एकेकटं धरू नका. त्यापेक्षा त्याची लिफ्टिंगची वही मागा. बहुतेक शाळांत आठवड्यागणिक वजनं लिहिलेला तक्ता असतो. माझ्या मुलाची वही आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. जूनपासून दर आठवड्याला पाच-पाच पौंड, मध्ये एक आठवडा ताप आला तेव्हा कमी, मग पुन्हा वर. ती पानं उलटताना त्याचा चेहरा उजळला. आईनं पहिल्यांदा त्याच्या कामाकडे बघितलं होतं.

मग मी विचारलं, "तुला लहान आहेस असं कोण म्हणालं?" हे नक्की विचारा. 'काही घेतोस का' याच्या आधी विचारा. माझ्या मुलानं नाव सांगितलं, बी टीमचा दिवस सांगितला, आणि मग स्वतःहून हेही सांगितलं की टीममधल्या एकानं त्याला गोळ्या देऊ केल्या होत्या आणि त्यानं नाही म्हटलं. ते त्यानं महिनाभर मनात ठेवलं होतं.

कुजबुजणाऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी मुलावर टाकू नका. मी त्या वडिलांना फोन केला आणि एवढंच म्हटलं की काही विचारायचं असेल तर मला विचारा, त्याला नको.

आणि तुमचा मुलगा 'हो' म्हणालाच, तर त्याच क्षणी बाटली फेकून आजपासून बंद, असं करू नका. एकदम थांबवल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला वेळ लागतो, आणि त्या काळात मन फार खाली जाऊ शकतं. बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करा, एंडोक्रिनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञाकडे) पाठवायला सांगा, काय आणि किती घेतलं ते त्याच्याकडून लिहून घ्या, बाटली सोबत न्या. पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका. तो जगण्याविषयी काही वेडंवाकडं बोलला तर 988 या आत्महत्या-प्रतिबंध मदतक्रमांकावर फोन किंवा मेसेज करा, तिथे दिवसरात्र कोणीतरी असतं.