दुबईच्या क्रूझला व्हिसा कोणता लागतो, आणि येताना रेड चॅनेलला स्वतःहून जाणारा मूर्ख असतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आई-वडिलांची क्रूझ दुबईहून निघून दुबईलाच परत येणार, मग व्हिसा कोणता काढायचा. आईने अंगावर दागिने नेले तर चालतं का. आणि 'रेड चॅनेलला आपणहून जातो तो मूर्ख, गुपचूप ग्रीनने निघावं' असं तुमचे मित्र म्हणतात, ते खरं का. (परदेशातून येताना कस्टमला सांगण्यासारखं सामान असेल त्याची वाट रेड चॅनेल, नसेल त्याची ग्रीन.) तिसऱ्यावर आधी बोलतो, कारण तो मूर्ख मी आहे.

कळंबला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाण्याच्या धंद्यातल्यांना सांगायला नको, टार्गेट पुरं झालं की कंपनी डीलर लोकांना फिरवून आणते. 2023 च्या डिसेंबरात जोडीने दुबई आणि तिथून चार रात्रींची क्रूझ मिळाली. विमान आणि जहाज कंपनीचं, व्हिसा ज्याचा त्याने काढायचा. माझे थोरले साडू अंबाजोगाईकडचे डीलर, तेही होते. आमच्या दोघांत जे आहे ते पंधरा वर्षांपासून आहे, त्याचं मूळ इथे सांगत बसत नाही.

मी त्यांना आधीच म्हणालो होतो की मल्टिपल एंट्रीचा व्हिसा काढा. हिशोब साधा आहे. दुबईत उतरलात ती पहिली एंट्री. जहाज दुबई सोडून मस्कतला गेलं की तुमची एक्झिट पडते. परत आलात की दुसरी एंट्री. निघायचं आणि यायचं बंदर एकच असलं म्हणून मधला देश पुसला जात नाही. साडू म्हणाले, "पाव्हणं, क्रूझ म्हणजे पाण्यावरचं हॉटेल. कशाला डोकं लावायलात? पैसा उतू चाललाय का?" आणि ओळखीच्या एजंटाकडून स्वस्तातला सिंगल एंट्रीचा काढून मोकळे झाले.

पोर्ट रशीदच्या, म्हणजे दुबईतल्या बंदराच्या, काउंटरवरच्या मुलीने त्यांचा व्हिसा दोनदा उलटसुलट केला आणि मान हलवली. साडूंनी परतीचं तिकीट दाखवलं, कंपनीचं पत्र दाखवलं, शेवटी पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवलं! मुंबई-गोवा क्रूझ आधारवर केलेली, ते त्यांच्या डोक्यात बसलेलं. ती देशातल्या देशात आहे, तिला आधार चालतं. (तरी लक्षद्वीपला उतरायचं म्हटलं तर तिथला परवाना वेगळा लागतोच.) 'आम्ही मस्कतला खाली उतरणारच नाही, जहाजातच बसतो' हेही बोलून झालं. त्याने काही होत नाही. कागद पुरे नसले तर जहाजावर चढूच देत नाहीत. दोघं नवरा-बायको पदरच्या पैशाने चार रात्री दुबईतल्याच देरा भागात राहिले. गावात त्याची गोष्ट अशी सांगतात की 'मला पाणी लागतं, म्हणून मीच गेलो नाही.'

पण मीही काही धुतल्या तांदळाचा नाही, तेही ऐका.

आमच्या मंडळी घरातून निघाल्या त्या दोन डबे घेऊन. एकात अनारसे, एकात येसर (आमटीचा मसाला), दुबईत कुणाचं जेवण आवडलं नाही तर म्हणून. धाराशिवहून लातूर एक्सप्रेसमध्ये बसलो आणि वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मी यूएईत काय न्यायचं नाही ती यादी वाचत होतो. त्यात खसखस! अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिथे सक्त बंदी, सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. खाली वाकून विचारलं, अनारशाला खसखस लावलीस का. "मग काय रवा लावू?" आणि थोड्या वेळाने बारीक आवाजात, "येसरातबी टाकलीया." अनारसे कुर्डुवाडीला समोरच्या बर्थवरच्या पोरांना वाटले, कागदावर खाली पडलेली खसखस मी बोटाने टिपून टिपून खिडकीबाहेर टाकली. येसराचा डबा मुंबईत टॅक्सीवाल्याला दिला. तीन वर्षांचा येसर होता का काय कोण जाणे, ते दुःख अजून निघतं.

तर इतकं वाचून ठेवलेला मी विमानतळावर चुकलो. बायकोच्या हातात चार तोळ्यांच्या पाटल्या, तिच्या आईच्या. नियम मला पाठ होता: परदेशातून दागिने आणायची सवलत, बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20, ही वर्षाहून जास्त तिकडे राहून येणाऱ्यालाच मिळते. आठ दिवस फिरून येणाऱ्याला ती सवलत नाही. म्हणून आपलंच सोनं अंगावर नेताना, जायच्या वेळी कस्टमकडे ते दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे येताना 'हे इथलंच आहे' असा कागद हातात असतो. साडू म्हणाले, "त्या पाटल्या बघून कोण म्हणेल दुबईच्या आहेत? चला, विमान जातंय." आणि मी गेलो. त्यांचं ऐकायचं नाही हे माहीत असून मी त्यांचं तेवढं एकच ऐकलं.

जहाजावरचं फार सांगण्यासारखं नाही. आमचे पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतले आणि एक कार्ड दिलं. तेच खोलीची किल्ली, तेच खर्चाचं खातं, बंदरावर उतरताना-चढताना तेच दाखवायचं. त्यावर खर्च होताना कळत नाही, एवढं आई-बाबांना सांगून ठेवा.

परत मुंबई. पोराला दुबईतून 72 हजारांचा मोबाइल घेतला होता. तेव्हा 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे माणशी 50 हजारांपर्यंत माफ होतं, वरच्या रकमेवर 38.5 टक्के. म्हणून मी रेडला गेलो, बिल ठेवलं. 22 हजारांवर 8,470 रुपये. भरले, पावती घेतली, विषय संपला असं वाटलं. तेवढ्यात साहेबांची नजर पाटल्यांवर. "ये कहाँ से लिया?" सासूबाईंच्या पाटल्या, त्यांची सोनाराची पावती कुठून आणणार? बायको रडायला लागली. मी पोराला फोन करून मेहुण्याच्या 2011 च्या लग्नाचा अल्बम कपाटातून काढायला लावला. त्याने फोटोचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. एका फोटोत बायको पंगतीत जिलेबी वाढतेय, दोन्ही हातांत त्याच पाटल्या, नक्षीसकट ओळखू येतात. आणि पंगतीत ताटावर बसलेला माणूस म्हणजे आमचे साडू! साहेबांनी फोटो मोठा करून पाटल्यांशी ताडून बघितला आणि सोडलं. अडीच तास गेले. रात्रीची लातूर एक्सप्रेसही गेली.

त्याच गाडीने साडू गेले. देऱ्यात चार दिवस रिकामे होते, तिथे वहिनींना तीन तोळ्यांची चेन घेतली आणि गळ्यात घालून ग्रीन चॅनेलने निघाले. कुणी बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक डीलर मीटिंगला हीच गोष्ट. "आमचे पाव्हणे राजा हरिश्चंद्र. रेडमध्ये जाऊन बसले!"

तर तुमच्या मित्रांना माझ्याकडून सांगा, साडूंना त्या दिवशी कुणी बघितलं नाही, एवढंच झालं. त्याला नियम म्हणत नाहीत. ग्रीनने जाताना अडवलं असतं तर ती चेन जप्त झाली असती, वर दंड, आणि सोडवायची तर त्याचे पैसे वेगळे. मला फोनसाठी कुणीही अडवलं नाही, पावती दोन मिनिटांत मिळाली. मी अडकलो तो जाताना न घेतलेल्या कागदापायी. हे दोन वेगळे विषय आहेत हे मी साडूंना दोन वर्षं समजावतोय.

आईला म्हणा, मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या पुरेत. बाकी नेलंच तर सर्टिफिकेट घ्या आणि त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचा. जहाजावरच्या दुकानातून घेतलेलंही त्याच माफीच्या मर्यादेत धरतात, तिथे 'ड्यूटी फ्री' लिहिलंय म्हणून इथे माफ होत नाही. दारू माणशी दोन लिटर. टीव्ही कितीही स्वस्त मिळाला तरी माफीत बसत नाही. 50 हजारांचा आकडा मी गेलो तेव्हाचा आहे. असे आकडे बदलतात, निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या साइटवर बघून घ्या. माझ्यावर जाऊ नका, मी खतं विकतो.

वडिलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे का तेही बघा. आपल्याकडच्या जुन्या माणसांचं असं बऱ्याचदा असतं, आणि नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांबाबत यूएईने 2022 च्या नोव्हेंबरपासून कडक धोरण धरलंय. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी असेल तर तिथली परवानगी आधी काढावी लागते.

परवा साडूंचा फोन आला होता. यंदा त्यांना पुन्हा क्रूझ लागलीय. "पाव्हणं, तो मल्टिपलवाला व्हिसा कुठून काढला होता?" मी म्हणालो, तुम्हाला तर पाणी लागतं. त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी बायकोने वहिनींना एजंटाचा नंबर दिला, मला न विचारता.

आणि खसखशीचं आईला आजच विचारा. अनारशाचं विचारू नका, मसाल्याचं विचारा.